उलट्या तोंडाचे दगड

१

सकाळी मजूर कुदळी-फावडी खांद्यावर टाकून शाळेच्या जागेवर आले आणि सगळ्यात पुढचा जो होता तो जागीच खिळला. मागचा त्याच्या पाठीवर आदळला. कुणी ओरडलं नाही. त्या खोऱ्यात असल्या वेळी ओरडत नसत. पाय उचलायचा नाही, आणि उचललाच तर ज्या ठशावरून आलो त्याच ठशावर मागं ठेवायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

आदल्या संध्याकाळपर्यंत ती जमीन मोकळी होती. पायासाठी खणलेला चर तिच्या मध्यापर्यंत आला होता. आणि चराच्या तोंडाशी, आज जिथं कुदळ पडणार नेमकं तिथं, दगडांची एक ओळ कोयत्यासारखी वाकून उभी होती. प्रत्येक दगडाचं एक अंग लाल, एक अंग पांढरं.

म्हणजे इथं सुरुंग आहेत.

लढाई संपून काही वर्षं झाली होती, पण जमिनीला ते कुणी सांगितलं नव्हतं. लोक छावण्यांमधून माघारी आले ते हळूहळू, भीत भीत. सुरुंग काढणारी टोळी आली, तिनं वीत वीत जमीन तपासली, तेव्हा कुठं नांगर धरायला हात धजावले. मग पाण्याची टाकी झाली, दवाखान्याची खोली झाली, आणि आता शाळा. आजवर पोरं तंबूत शिकत होती. वारा सुटला की मास्तर एका हातानं फळा आणि दुसऱ्या हातानं तंबूचा खांब धरायचे.

दुपारपर्यंत काम बंद पडलं. संध्याकाळपर्यंत दोन घरांनी गाठोडी बांधायला घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या टोळीनं शाळेचं शेत निर्धोक म्हणून सांगितलं, तिनंच आपलीही शेतं सांगितली. एका ठिकाणी सुरुंग राहिले असतील तर बाकीच्या ठिकाणांचा काय भरवसा?

चार दगडांनी अख्खं खोरं पुन्हा छावणीच्या वाटेला लावलं असतं. म्हणून मदतकार्याच्या कार्यालयानं बाईंना पाठवलं.

२

बाईंचं काम एकच होतं. कुठं काही पाणी मुरतंय असं वाटलं की जायचं, विचारपूस करायची, आणि खरं काय ते सांगून परतायचं. औषधं गायब झाली, पंप बिघडवला गेला, गोदामाला आग लागली, की बाईंची जीप निघाली. त्यामुळं आजवर त्यांना पाहून कुणाला आनंद झाला, असं एकदाही घडलं नव्हतं. कार्यालयातसुद्धा त्या चहाच्या टेबलाशी आल्या की गप्पा आखडत्या व्हायच्या. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय. तोंड खोटं बोलतं, हातांना तेवढं जमत नाही, असा त्यांचा अनुभव.

जीप थांबली तेव्हा रस्त्याकडेला तिघं उभे होते. बांधकामाचा मुकादम, शाळेचे मास्तर आणि त्यांच्यापासून जरा लांब, दोन्ही हात मागं बांधून, एक उंच काटकुळा माणूस. त्याला सगळे सुरुंगवाला म्हणायचे. टोळी पुढच्या खोऱ्यात गेली तेव्हा हा एकटा इथं राहिला होता. कुणाला शेतात काही संशयास्पद सापडलं तर बघायला, पोरांना सुरुंगांची चित्रं दाखवून सावध करायला. शेताच्या कडेलाच त्याचा तंबू होता.

"तुम्हीच ही जमीन साफ केली ना?" बाईंनी त्याला विचारलं.

"हो."

"मग हे दगड?"

"माझे नाहीत. जमीन साफ आहे."

बाई दगडांभोवती बांधलेल्या दोरीपाशी जाऊन वाकल्या. दगड गोल, गुळगुळीत, ओढ्यातले. खोऱ्याच्या वरच्या अंगाला अजून सुरुंगांची हद्द होती, तिथले खुणेचे दगड डोंगराचे, धारदार कडांचे होते. येताना त्यांनी ते पाहिले होते. त्यांच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. कुणी खऱ्या हद्दीवरचे दगड उचलून इथं आणले असते तर तिकडं मरण उघडं पडलं असतं. तसं नव्हतं. हे दगड नव्यानं रंगवलेले होते.

मग त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली, आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

"मास्तर, खुणेच्या दगडाचं लाल तोंड कुणीकडं असतं?"

"सुरुंगांकडं," मास्तर लगेच म्हणाले. "पांढरं आपल्याकडं, लाल मरणाकडं. पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. अक्षरं नंतर."

"मग हे बघा."

सगळे दगड उलटे होते. झाडून सगळे. लाल तोंडं रस्त्याकडं आणि चराकडं, जिथून लोक येणार तिकडं. पांढरी तोंडं आत, मोकळ्या मातीकडं.

सुरुंगवाल्यानं त्या ओळीकडं पाहिलंच नाही. तो डोंगराकडं बघत होता.

३

मास्तरांना बाईंनी तंबूतच गाठलं. पोरं घरी पाठवली होती. मास्तरांच्या नखांत लाल रंग होता.

"हो, आहे," मास्तर रागानंच म्हणाले. "शाळेच्या नावाची पाटी रंगवतोय मी. ती बघा, कोपऱ्यात. डबा मुकादमाच्या खोपटातला. तो डबा तिथं उघडाच पडलेला असतो, कुणीही घ्यावा."

"पक्की शाळा झाली की शहरातून शिकलेले हेडमास्तर येणार, असं ऐकलं."

"येणार. मी स्वतः सातवीच्या पुढं गेलेलो नाही, लढाई लागली. तेव्हा माझा गाशा गुंडाळावा लागू नये म्हणून मीच दगड लावून अडवणूक केली, असं म्हणायचंय ना तुम्हाला? बाई, मला शाळा अडवायचीच असती तर दगड सुलटे लावले असते. पोरांसमोर खडूनं रोज तेच काढतो मी. माझा हात उलटा पडणारच नाही."

हे मात्र पटण्यासारखं होतं.

मुकादम परगावचा. छाती पुढं काढून बोलणारा, पण दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाव काढलं की दोन पावलं मागं. त्याच्या कामाला उशीर होत होता आणि कुदळीखाली कातळ लागल्यानं चर एकदा वळवावा लागला होता, हे मजुरांनी सांगितलं होतं. उशिराचं खापर फोडायला त्याला निमित्त हवंच होतं.

बाईंनी ओळीतला दोरीलगतचा एक दगड उपसून त्याच्या हातात दिला. "तुम्ही असता तर कसा ठेवला असता?"

मुकादमानं दगड घेतला, इकडं तिकडं फिरवला आणि समोर ठेवला. लाल तोंड स्वतःकडं.

"असा. लाल म्हणजे थांबा. येणाऱ्याला दिसायला नको?"

बाईंच्या मागून आलेले मास्तर खाकरले. मुकादमाला त्या खाकरण्याचा अर्थ कळला आणि त्याची पाचावर धारण बसली. "अहो बाई, मला काय माहीत इथली रीत! मी लावले नाहीत! मजुरांना विचारा, मी तर दिवसासुद्धा आत जात नाही, रात्रीचा कशाला मरायला जातोय?"

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "आत्ता फक्त विचारलंय."

पण रस्त्यावर तोवर मजुरांच्यात कुजबुज सुरू झाली होती. मुकादम पकडला गेला, असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनाही क्षणभर तसंच वाटलं असतं, पण त्यांनी खाली पाहिलं. मुकादमानं ठेवलेला दगड एका बाजूला कलला होता. आणि त्यांच्या डोळ्यांसमोरच गडगडत चरात गेला.

ओळीतला बाकी एकही दगड कललेला नव्हता.

४

शेताला लागून एक लहानसं घर होतं. त्यात एक म्हातारी एकटी राहायची. सारं खोरं तिला मोठी आई म्हणायचं. शाळेला जमीन तिनंच दिली होती.

तिनं बाईंना बसायला चटई घातली आणि कुणाला अशी घालायची सवय गेलीय म्हणून स्वतःशीच हसली. "माझ्याकडं कुणी विचारपूस करायला येत नाही. सगळ्यांना वाटतं, म्हातारी आपली वाट बघतेय, बघू दे."

"कुणाची वाट?"

"धाकट्याची. थोरला लढाईत गेला, त्याचं मी डोळ्यांनी बघितलं. धाकटा गेलेला नाही. तो ओढ्यापलीकडं गेला होता, लपायला. नंतर कुणीतरी सांगितलं, सरहद्दीकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये बसताना बघितला. मग तिकडंच कुठंतरी अडकला असेल. कामधंदा करत असेल. लग्नसुद्धा केलं असेल, मेल्यानं." तिनं पदरानं कोरडेच डोळे पुसले. "म्हणून तर जमीन दिली. उद्या पोरंबाळं घेऊन आला तर शाळा घराशेजारीच हवी ना?"

"फोटो आहे त्याचा?"

"घरच जळलं होतं हो. फोटो कुठला! अंगात मी विणलेला स्वेटर होता तेवढं आठवतं. डाव्या बाहीला लोकर संपली, मग उरलेली पिवळी लावली. तो म्हणायचा, आई, लोक हसतात. मी म्हटलं, हसू देत, थंडी तर हसत नाही ना?"

आत चुलीजवळ दोन ताटं धुऊन पालथी घातली होती. बाईंची नजर तिकडं गेलेली म्हातारीनं पाहिली.

"एक माझं. दुसरं धाकट्याचं. रोज वाढते मी. आधी तसंच उरायचं, पाखरांना घालायची. आता हा सुरुंगवाला जेवतो. त्याचं कुणी नाही जगात, सगळे एका दिवसात गेले. मी म्हटलं, पोरा, तो येईपर्यंत तू जेव. आला की दोघं जेवा." ती जरा पुढं झुकली. "पण अलीकडं त्याचं काय बिनसलंय देव जाणे. घास घशाखाली उतरत नाही त्याच्या. कालपासून तर आलाच नाही."

"कधीपासून बिनसलं?"

"चर इकडं वळवला ना, तेव्हापासून."

बाई उठल्या. त्यांना एकदम त्या खोलीतून बाहेर पडावंसं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सुरुंगवाल्याला सांगितलं, "माझ्यासमोर पुन्हा तपासा."

बातमी पसरली. रस्त्यावर सगळं खोरं गोळा झालं. त्यानं यंत्र गळ्यात अडकवलं, जाड जाकीट घातलं आणि दोरी ओलांडून आत गेला. यंत्र डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. लाल दगड ओलांडले. पुढं गेला. बायकांनी पोरांची तोंडं पोटाशी धरली होती. एवढी माणसं जमलेली असून वाऱ्याशिवाय कशाचा आवाज नव्हता.

बाई यंत्राकडं बघत नव्हत्या. त्या पायांकडं बघत होत्या.

पाय सरळ चालले होते. न दबकता, न थबकता. या जमिनीत काही नाही याची पुरती खात्री असलेले पाय. ओळीच्या आत, मोकळ्या जागेच्या मध्यावर आले आणि वळसा घालून पुढं गेले. यंत्राचं तोंड त्या जागेवरून फिरलं, एक अक्षर बोललं नाही. पाय मात्र बाजूनं गेले. परत येतानाही तेच.

"साफ आहे," तो दोरीबाहेर येऊन म्हणाला. गर्दीतून मोठा सुस्कारा निघाला.

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "मग मधून का नाही गेलात?"

त्याचा चेहरा मातीसारखा झाला. शेजारीच उभ्या मुकादमानं ते ऐकलं आणि किंचाळलाच, "आहे! आत सुरुंग आहे! याच्याकडून राहिलाय, आणि हा लपवतोय!"

लोक मागं रेटले गेले. कुणीतरी पडलं. एक आई पोराला काखोटीला मारून घराकडं पळत सुटली, गाठोडी होतीच बांधलेली.

"थांबा!" बाई ओरडल्या. त्या कधीच ओरडत नसत, म्हणूनच की काय, लोक थांबले. मग बाईंनी दोरी उचलली आणि खाली वाकून आत शिरल्या.

"बाई, अहो बाई!" मास्तरांचा आवाज फाटला.

त्या चालत गेल्या. लाल दगड ओलांडले. त्या वळशापर्यंत गेल्या आणि जिथं त्याचे पाय बाजूला झाले होते तिथंच उभ्या राहिल्या. पुढं त्यांनीही पाऊल टाकलं नाही. भीती म्हणून नव्हे.

सुरुंगवाला धावत त्यांच्यापाशी आला होता.

"सगळ्यांना घरी जाऊ दे," बाई त्याला म्हणाल्या. "मग आपण दोघं इथं बसून बोलू."

६

गर्दी पांगली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोघं जमिनीवर बसले, मध्ये ती जागा ठेवून.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "चुकलं तर तोडा. दगड उलटे लागलेत. बाहेरच्या अडाणी माणसाचं काम, असं कुणालाही वाटेल. पण प्रत्येक दगड बोटभर मातीत रोवलाय, खाली चीप देऊन. मुकादमाचा दगड घटकाभर उभा राहिला नाही. म्हणजे हात सरावाचा आहे. सरावाचा हात आणि चुकीची खूण, हे दोन्ही एका माणसात कसं बसणार? मास्तर सरावाचे नाहीत, पण खूण चुकवणार नाहीत. मुकादम खूण चुकवेल, पण दगड रोवता येणार नाही, आणि रात्री इथं पाऊल टाकायची त्याची छाती नाही. उरलात तुम्ही. तुम्ही खूण चुकवाल का? मग मला वाटलं, खूण चुकलेलीच नसेल तर?"

तो ऐकत होता. हातांची बोटं मातीत गेली होती.

"पांढरं तोंड निर्धोक जमिनीकडं. तुमचं पांढरं तोंड आत आहे. म्हणजे दगड सांगतायत, इथं आत काही धोका नाही. लोक लाल रंग बघून थांबतील एवढंच तुम्हाला हवं होतं. पण सुरुंग नसलेल्या जमिनीला सुरुंग आहे म्हणून सांगायला तुमचा हात वळला नाही. खोटं बोलायला बसलात आणि दगडांमधून खरं बोलून बसलात."

"आमच्यात खोटा दगड लावणं म्हणजे..." तो थांबला. "एकदा खोटा लावला की पुढच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"आणि सुरुंगाला कुणी वळसा घालत नाही, त्याला काढतात. माणूस वळसा घालतो तो माणसाला." बाईंचा आवाज खाली गेला. "डाव्या बाहीला पिवळी लोकर आहे का?"

तो वाकला आणि त्यानं तळहात त्या मातीवर ठेवला. अगदी हलका.

"जमीन साफ करताना सापडला. माझ्याच पट्ट्यात. सुरुंगावर पाय पडला होता. मी कुणाला बोललो नाही. नियम आहे, सांगायचं असतं. मला कळलं नव्हतं आधी, कुणीतरी असेल म्हटलं, संध्याकाळी सांगू. त्याच संध्याकाळी मोठ्या आईनं पहिल्यांदा जेवायला बोलावलं. जेवता जेवता तिनं स्वेटरचं सांगितलं."

"म्हणून गप्प राहिलात. तिच्यासाठी."

"तिच्यासाठीच, असं मी स्वतःला सांगत होतो." त्यानं मान हलवली. "बाई, ते ताट त्याचं होतं. तो येणार नाही असं तिला कळलं असतं तर ते ताट वाढलंच गेलं नसतं. मला जगात कुणी जेवायला वाढत नव्हतं. मी परत त्याला माती दिली, नीट, आणि रोज त्याच्या ताटात जेवलो. शाळेचा पाया दुसऱ्या टोकाला येणार होता. मग कातळ लागला आणि मुकादमानं चर इकडं वळवला. कुदळीनं निघाला असता तो, मजुरांसमोर, तुकड्या-तुकड्यांनी. त्याआधी त्याला हलवायला हवं होतं, पण माझ्यानं ते झालं नाही. तेवढ्यापुरतं काम थांबावं म्हणून रात्रीचे..."

त्यानं बाजूची माती हातानं सारखी केली.

बाईंना अशा वेळी काय बोलायचं ते कधीच सुचत नसे. माणसं त्यांच्यासमोर मोकळी व्हायची आणि त्या जीपमध्ये बसून निघून जायच्या, हेच आजवर झालं होतं. "दोन घरं निघालीत माघारी," त्या म्हणाल्या. "जमीन साफ आहे, हे त्यांना पटायला खरं कारण सांगावं लागेल. आणि तिच्या कानावर ते दुसऱ्या कुणाकडून जाऊन चालणार नाही."

"मी सांगतो," तो म्हणाला. उठताना मात्र त्याला बाईंचा हात धरावा लागला.

७

मोठी आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं समोर गुडघे टेकले आणि सांगितलं. आडपडदा न ठेवता, सगळं. स्वेटरचं, ताटाचं, दगडांचं.

ती निवडतच राहिली. खडा काढला, बाजूला टाकला. बाईंना वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही.

"कुणीकडं निघाला होता?" तिनं विचारलं.

"इकडंच. ओढ्याकडून घराकडं. तोंड घराकडं होतं."

म्हातारीचे हात थांबले.

"म्हणजे तो परत आला होता," ती सावकाश म्हणाली. "दारात येऊन थांबला होता माझा पोर. आणि मी सरहद्दीकडं तोंड करून बसले. तुला माहीत होतं! माझ्या हातचं गिळत होतास आणि तुला माहीत होतं! मी त्याला शिव्या देत होते रे, आईला विसरला म्हणून! मेलेल्याला रडायचं असतं, तेवढंही तू मला करू दिलं नाहीस!"

सूप उपडं झालं. त्याला तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसली. मग रडू आलं. एवढ्या वर्षांचं साचलेलं, घशातून न निघता कुठून तरी खोलातून निघणारं. शेजारपाजारच्या बायका येईपर्यंत बाई तिच्या मागं नुसत्या उभ्या होत्या. हात पुढं करावा का, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

संध्याकाळी मास्तरांनी सगळ्यांना तंबूपाशी बोलावून खरं सांगितलं. त्यांनीच सांगावं असं बाईंना वाटलं. त्यांच्या शब्दाला तिथं वजन होतं. त्याच रात्री बांधलेल्या गाठोड्यांपैकी एक सुटलं. दुसरं दुसऱ्या दिवशी.

धाकट्याला ओढ्याकाठी उंचावर नेऊन पुरलं. सारं खोरं आलं होतं. मुकादमानं त्या जागेभोवतीची लाकडी चौकट स्वतः केली आणि चर पुन्हा कातळाच्या बाजूला घेतला, कुणी न सांगता. सुरुंगवाला गर्दीपासून दूर, एकटा उभा होता. टोळीच्या प्रमुखानं त्याला तूर्त कामावरून बाजूला ठेवलं होतं. पुढं काय ते बाईंच्या म्हणण्यावर ठरायचं होतं. बाईंनी दोन्ही गोष्टी सांगायचं ठरवलं होतं. त्यानं लपवलं, आणि त्यानं खोटी खूण लावली नाही. ऐकणारे त्यातली कुठली धरतील, ते त्यांच्या हातात नव्हतं.

निघायच्या सकाळी जीपच्या दाराशी मोठी आई येऊन उभी राहिली. हातात बोचकं.

"शहरात माझी बहीण असते," ती म्हणाली. "लढाईआधीपासून भेट नाही. घर सोडता येत नव्हतं ना. मला सोडाल?"

बाईंनी सरकून जागा केली. जीप हलली. शेताच्या कडेला, आपल्या तंबूबाहेर तो उभा होता, हात मागं बांधून.

"थांबव," म्हातारी ड्रायव्हरला म्हणाली. तिनं काच खाली केली. किती तरी वेळ ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"घराकडं लक्ष ठेव," ती म्हणाली आणि काच वर केली.

वाट घाटाची होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"कुलूप असतं," बाई म्हणाल्या.

म्हातारीला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात खरखरीत होते, ऊबदार. पुढच्या दोन-तीन वळणांनंतर तिची मान कलली आणि बाईंच्या खांद्यावर आली. झोप लागली होती. कधीपासूनची राहिलेली, कोण जाणे.

घाट उतरल्यावर एका टपरीपाशी ड्रायव्हरनं वेग कमी केला. "बाई, चहाला थांबू?"

बाईंचा खांदा केव्हाच बधिर झाला होता. त्यांनी तो हलवला नाही. आरशातून त्याच्याकडं बघत नुसती मान नकारार्थी हलवली, आणि तीही जपून.